तारेत मुरणारी वीज : दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती यांचा हिशेब

एका गावातील मुलांच्या वसतिगृहाची कल्पना करावी. विजेचे मीटर रस्त्यालगतच्या मुख्य इमारतीत आहे आणि आंघोळीच्या खोल्या तेथून दोनशे मीटर दूर, विहिरीजवळ आहेत. हिवाळ्यात मुलांना ऊन पाणी मिळावे म्हणून तेथे प्रत्येकी १००० वॅटचे दोन हीटर बसविण्याचे ग्रामपंचायतीने ठरविले. तारेसाठी दोन दरपत्रके आली. एकात अडीच चौरस मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनिअमची तार आहे, दुसऱ्यात दहा चौरस मिलिमीटरची. पहिली अर्थातच पुष्कळ स्वस्त आहे. दोन्ही दरपत्रकांत तारेची लांबी आहे, जाडी आहे, दर आहे, कर आहे. नाही तो एकच आकडा, आणि तो म्हणजे तारेचा रोध. मासिक सभेत स्वस्त दरपत्रक मंजूर होते आणि पहिल्याच थंडीत तक्रार येते की, पाणी तापत नाही. हीटर बदलले जातात. वायरमनला दोनदा बोलावणे धाडले जाते. वीज कंपनीकडे कमी दाबाची लेखी तक्रारही जाते. कंपनीचा माणूस येऊन मीटरपाशी दाब मोजतो, तो बरोबर २३० व्होल्ट भरतो आणि तक्रार निकालात निघते. पाणी मात्र कोमटच राहते.

या प्रसंगातील दोष मंजुरीच्या दिवशीच कागदावर दिसू शकला असता. त्यासाठी लागणारे गणित गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. ते माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते, विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत सोडवितात आणि शाळेच्या भिंतीवरील वीजफलकाशी त्याचा काही संबंध आहे हे बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही.

तीन राशी, दोन सूत्रे

विजेच्या व्यवहारात प्रथम तीन राशींची ओळख करून घ्यावी लागते. पहिली राशी म्हणजे विजेचा दाब. पाठ्यपुस्तकात त्याला विभवांतर म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. दुसरी राशी म्हणजे प्रवाह, म्हणजेच विद्युतधारा. ती अँपिअरमध्ये मोजतात. तिसरी राशी म्हणजे तार किंवा उपकरण या प्रवाहाला जो अडथळा करते तो रोध. त्याचे एकक ओहम. पाण्याच्या टाकीचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते व ते चुकीचे नाही. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब अधिक. नळ जितका अरुंद व लांब तितका अडथळा अधिक. आणि तोटीतून पडणारी धार ही या दोहोंवर अवलंबून. मात्र हे उदाहरण फार ताणू नये. नळ फुटला तर पाणी बाहेर सांडते. तार तुटली तर वीज सांडत नाही, ती वाहावयाचीच थांबते.

या तिन्ही राशींचे नाते असे आहे : दाबाला प्रवाहाने भागले असता रोध मिळतो. दाब २३० व्होल्ट आणि प्रवाह ५ अँपिअर असेल तर रोध ४६ ओहम. हेच नाते उलट बाजूने वाचले की, दाबाला रोधाने भागून प्रवाह मिळतो आणि प्रवाहाला रोधाने गुणून दाब मिळतो.

दुसरे सूत्र शक्तीचे. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे विद्युतशक्ती. तिचे एकक वॅट. वरच्याच उदाहरणात २३० गुणिले ५ म्हणजे ११५० वॅट शक्ती खर्च होत आहे. एक हजार वॅट शक्ती एक तास वापरली की एक युनिट होते आणि वीजबिलावर आकारणी होते ती या युनिटांची.

ही दोन सूत्रे एकत्र केली की तिसरे आपोआप हाती येते. दाबाच्या जागी ‘प्रवाह गुणिले रोध’ असे लिहिले तर शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. व्यवहाराच्या दृष्टीने या लेखातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र हेच होय. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता दुप्पट होत नाही, ती चौपट होते. इंग्लंडमधील जेम्स प्रेस्कॉट जूल या संशोधकाने १८४० च्या सुमारास प्रयोगाने हे दाखवून दिले. विशेष असे की, जूल हा प्राध्यापक नव्हता. त्याच्या घराण्याचा मद्यनिर्मितीचा व्यवसाय होता.

रोधाचा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनीतील एर्लांगेन गावच्या कुलूप बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोनच्या एका शाळेत तो गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब स्थिर राहत नसे, त्यामुळे मोजमाप पुनःपुन्हा चुके. अखेर १८२६ मध्ये त्याने बिस्मथ व तांबे यांचा जोड घेऊन त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवले. तापमानातील फरक कायम, म्हणून दाबही कायम. मग एकाच जाडीच्या पण निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून, टांगलेली चुंबकसूची किती वळते यावरून त्याने प्रवाह मोजला. त्याचा ग्रंथ १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा स्वदेशात त्याचे स्वागत थंडपणे झाले व त्याने शिक्षकाची जागा सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला तो १८४१ मध्ये. प्रयोगशाळेत साहित्य नाही म्हणून खंत करणाऱ्या शिक्षकांनी उकळते पाणी व बर्फ हे साहित्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

उपकरणावरील पट्टी काय सांगते

प्रत्येक विद्युत उपकरणावर एक लहानशी पट्टी असते. हीटरच्या पट्टीवर ‘२३० व्होल्ट, १००० वॅट’ असे छापलेले असते. या दोन आकड्यांतून बाकीचे सर्व काढता येते. शक्तीला दाबाने भागले की प्रवाह मिळतो : १००० भागिले २३० म्हणजे ४.३५ अँपिअर. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो : तो ५२.९ ओहम येतो.

आता समजा, संध्याकाळच्या वेळी दाब २३० वरून १८४ व्होल्टवर उतरला, म्हणजे वीस टक्के कमी झाला. सर्वसाधारण समजूत अशी की, हीटरही वीस टक्केच कमी तापेल. हिशेब निराळे सांगतो. हीटरचा रोध तोच, म्हणजे ५२.९ ओहम आहे. प्रवाह १८४ भागिले ५२.९, म्हणजे ३.४८ अँपिअर झाला. शक्ती १८४ गुणिले ३.४८, म्हणजे ६४० वॅट. दाब वीस टक्क्यांनी उतरला आणि उष्णता छत्तीस टक्क्यांनी घटली, कारण दाबाबरोबर प्रवाहही कमी झाला व दोन्ही घटींचा गुणाकार झाला.

वसतिगृहाची तार

आता वसतिगृहाच्या तारेकडे वळू. तारेचा रोध तीन गोष्टींवर ठरतो : धातू, लांबी आणि जाडी. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर जाड अशा ॲल्युमिनिअमच्या तारेचा रोध सुमारे ०.०२८ ओहम असतो. तांब्याचा सुमारे ०.०१७२ ओहम. लांबी वाढली की रोध त्याच प्रमाणात वाढतो, जाडी वाढली की त्याच प्रमाणात कमी होतो.

येथे एक चूक हटकून होते. अंतर दोनशे मीटर असले तरी विजेचा मार्ग चारशे मीटरचा आहे, कारण प्रवाह एका तारेने जातो व दुसरीने परत येतो. म्हणून अडीच चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनिअमच्या तारेचा रोध ०.०२८ गुणिले ४०० भागिले २.५, म्हणजे ४.४८ ओहम येतो. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु तो हीटरच्या शेजारी मांडून पाहिला पाहिजे.

दोन्ही हीटर समांतर जोडलेले असल्याने त्यांचा एकत्रित रोध ५२.९ च्या निम्मा, म्हणजे २६.४५ ओहम होतो. विजेला तार आणि हीटर या दोहोंतून एकापाठोपाठ जावे लागते, म्हणून येथे रोधांची बेरीज करावयाची : ४.४८ अधिक २६.४५ बरोबर ३०.९३ ओहम. मीटरपाशी दाब २३० व्होल्ट धरला तर प्रवाह ७.४४ अँपिअर येतो. हा प्रवाह तारेतून जाताना ७.४४ गुणिले ४.४८, म्हणजे सुमारे ३३ व्होल्ट दाब तारेतच खर्ची पडतो आणि हीटरपर्यंत पोचतात ते १९७ व्होल्ट. दोन्ही हीटर मिळून २००० वॅट द्यावयाचे, ते सुमारे १४६३ वॅट देतात. तारेत निष्कारण निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला ४.४८ ने गुणून येते. ती सुमारे २४८ वॅट आहे.

दहा चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध याच्या चौथा हिस्सा, म्हणजे १.१२ ओहम. तीच रीत वापरली की प्रवाह ८.३४ अँपिअर, तारेत खर्ची पडणारा दाब सुमारे ९ व्होल्ट, हीटरची शक्ती सुमारे १८४१ वॅट आणि तारेतील नुकसान सुमारे ७८ वॅट असे उत्तर येते.

या आकड्यांचा मुलांच्या आंघोळीशी काय संबंध, असा प्रश्न सभेत विचारला जाईल व तो रास्त आहे. दोनशे लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ०.२३३ युनिट वीज लागते. डिसेंबरच्या पहाटे विहिरीचे पाणी १८ अंश सेल्सिअस आहे व हीटर तीन तास चालविले असे धरू. हवेत जाणारी उष्णता सोडून दिली तर जाड तारेवर पाणी सुमारे ४२ अंशांपर्यंत तापते, बारीक तारेवर जेमतेम ३७ अंशांपर्यंत. सदतीस अंश म्हणजे माणसाच्या अंगाचीच ऊब. पिंपातून बादलीत आणि बादलीतून अंगावर येईपर्यंत ते कोमटही राहत नाही.

विजेच्या पैशांतील बचत या उदाहरणात फार मोठी नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तीन तासांत बारीक तारेत पाऊण युनिटाच्या आसपास वीज मुरते, जाड तारेत पाव युनिटाहून कमी. केवळ तेवढ्या फरकासाठी जाड तार घेण्याचा आग्रह कोणी धरला तर त्याच्याशी वाद घालता येईल. परंतु तार घेतली जाते ती वीज वाचविण्यासाठी नव्हे, पाणी तापविण्यासाठी. आणि ते काम बारीक तार करीत नाही. शिवाय ती तार ‘चुकीची’ आहे असेही कोणी लेखापरीक्षक म्हणू शकणार नाही. साडेसात-आठ अँपिअर प्रवाह ती न तापता सहज वाहून नेते, तारेच्या कोष्टकातही ती बसते. कोष्टक तारेच्या सुरक्षिततेचे असते. दोनशे मीटर पलीकडच्या हीटरला काय मिळेल, हे त्यात लिहिलेले नसते.

या प्रश्नाला तिसरे उत्तरही आहे. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध याच अंतरासाठी १.७२ ओहम येतो, तेव्हा तिचेही दरपत्रक मागवावे. चौथे उत्तर बिनखर्चाचे आहे : हीटर मुख्य इमारतीजवळ बसवून ऊन पाण्याचा हौद तेथेच करावा. एवढा साधा विचार बहुधा सर्वांत शेवटी सुचतो.

सौरदिव्यांच्या बाबतीत हाच हिशेब अधिक काटेकोरपणे करावा लागतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर २४ वॅटचा दिवा लावला तर प्रवाह २ अँपिअर होतो. २३० व्होल्टवर तो जेमतेम दशांश अँपिअर झाला असता. तारेत दोन व्होल्ट खर्ची पडले तर २३० मध्ये ते कोणाला कळतही नाहीत. बारामध्ये तो सहावा हिस्सा होतो. वस्तीवरील सौरदिवे मंद जळतात म्हणून बॅटरीला दोष देण्यापूर्वी तारेची लांबी व जाडी पाहावी.

दूरच्या विजेला दाब का वाढवावा लागतो

प्रवाहाच्या वर्गाचे हे गणित ध्यानी आले की, रानावनांतून जाणारे उंच मनोरे कशासाठी उभारलेले असतात याचाही उलगडा होतो. तीच शक्ती पाठवावयाची असेल तर दाब वाढवून प्रवाह कमी करता येतो, कारण शक्ती हा दोहोंचा गुणाकार आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघे येथपर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची दिष्टप्रवाह वाहिनी आहे. तिची क्षमता १५०० मेगावॅट असून तिच्या दोन वाहकांपैकी एक जमिनीच्या तुलनेत अधिक ५०० किलोव्होल्टवर व दुसरा उणे ५०० किलोव्होल्टवर असतो. प्रत्येक बाजूने ७५० मेगावॅट जावयाचे, म्हणजे प्रवाह ७५ कोटी भागिले ५ लाख, अर्थात १५०० अँपिअर. हीच १५०० मेगावॅट शक्ती घरगुती २३० व्होल्टवर पाठवावयाची म्हटली तर प्रवाह पासष्ट लाख अँपिअर झाला असता. तेवढी जाड तार जगात कोठेही नाही.

गावात हेच तत्त्व लहान प्रमाणावर दिसते. १०० किलोव्होल्ट-अँपिअरच्या रोहित्रात ११ किलोव्होल्टच्या बाजूने सुमारे सव्वापाच अँपिअर प्रवाह जातो. ४३३ व्होल्टच्या बाजूने तो १३३ अँपिअर होतो. प्रवाह पंचवीसपट झाला म्हणजे त्याच तारेतील उष्णता सहाशेपटींहून अधिक झाली. लघुदाब वाहिनी शिवारातून किलोमीटर-दीड किलोमीटर ओढत नेली की शेवटच्या पंपाला वीज का पुरत नाही, याचे कारण येथे आहे. कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणालीची योजना महाराष्ट्रात २०१८ मध्ये हाती घेण्यात आली, तिच्या मुळाशी हेच गणित आहे. उच्चदाबाची वाहिनी पंपाजवळ न्यावयाची, तेथे एकदोन पंपांसाठी लहान रोहित्र बसवावयाचे आणि लघुदाबाची तार शक्य तितकी आखूड ठेवावयाची.

मोटार हा हीटर नव्हे

येथवरची सूत्रे हीटर, इस्त्री, शेगडी यांना जशीच्या तशी लागू पडतात. पंपाच्या मोटारीला ती तशी लावली तर उत्तर चुकते, आणि चूक महागात पडते. प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या मोटारीत दाब व प्रवाह यांची लय एकमेकींशी जुळत नाही. म्हणून त्यांच्या गुणाकाराला आणखी एका अपूर्णांकाने गुणावे लागते. त्याला शक्तिगुणक म्हणतात. तीन फेजच्या मोटारीसाठी याशिवाय १.७३ ने गुणावयाचे असते.

पाच अश्वशक्तीची मोटार घेऊ. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून मोटारीकडून मिळणारे काम ३७३० वॅट. तिची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तिला सुमारे ४६६० वॅट वीज पुरवावी लागेल. दाब ४१५ व्होल्ट व शक्तिगुणक ०.८ असता प्रवाह सुमारे ८.१ अँपिअर येतो.

आता दाब ३३० व्होल्टवर उतरला असे समजू. हीटर असता तर प्रवाह कमी झाला असता. मोटारीचे तसे नाही. विहिरीतून पाणी तेवढ्याच उंचीवर चढवावयाचे आहे, काम जवळजवळ तेवढेच आहे. ते पुरे करण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते. इतर आकडे तेच धरले तर तो १०.२ अँपिअर होतो. वाढ सव्वापटीची आहे, परंतु वेटाळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती सुमारे १.५८ पट होते. वेटाळ्याचे वेष्टन ही उष्णता काही काळ सहन करते, मग जळते. कमी दाबाने मोटार जळते हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. ‘वीजच कमी आली, तर जळेल कशाने?’ हा प्रश्न मात्र शिकलेली माणसेही विचारतात. पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविला की शक्तिगुणक सुधारतो व वाहिनीवरील प्रवाह कमी होतो, त्यामुळे शेजारच्या पंपांनाही दाब बरा मिळतो. अतिभाररक्षक यंत्रणा, म्हणजे स्टार्टरमधील रिले, मोटार सारखी बंद पडते म्हणून बांधून ठेवण्याची जी पद्धत शिवारात दिसते, ती मोटारीच्या जिवावर उठणारी आहे.

वर्गात करावयाचा प्रयोग

हा नियम वर्गात दाखविताना घरगुती विजेला हात लावण्याचे मुळीच कारण नाही. दीड व्होल्टचे तीन घट, नायक्रोमची वीतभर तार, एक व्होल्टमापक व एक अँपिअरमापक एवढे पुरे. तांब्याची तार घेऊ नये. नायक्रोमचा रोध तांब्याच्या सुमारे साठपट असतो म्हणून आखूड तारेतही मोजण्याजोगा आकडा मिळतो. प्रवाह मोजणारे उपकरण मार्गातच, म्हणजे एकसर जोडावयाचे आणि दाब मोजणारे तारेच्या दोन टोकांवर, म्हणजे समांतर. याच्या उलट जोडणी झाली तर अँपिअरमापक जळतो. एक घट लावून दीड व्होल्टला ०.१५ अँपिअर भरले, तर दोन घटांना ०.३० व तीन घटांना ०.४५ भरावे; प्रत्येक वेळी भागाकार १० ओहम यावा. वाचनांत थोडा फरक पडला तर ती खोडून ‘बरोबर’ करू नयेत. घट जुने झाले की त्यांचा दाब प्रवाह सुरू होताच उतरतो, त्याचीही चर्चा मुलांशी करावी.

याच पाठात एक कोडे घालण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या, तारेच्या १०० वॅटच्या बल्बचा रोध हिशेबाने ५२९ ओहम येतो. पण तोच बल्ब काढून मल्टिमीटरने मोजला तर चाळीस ओहमच्या आसपास भरतो. चाळीस ओहम धरले तर प्रवाह पावणेसहा अँपिअर आणि शक्ती तेराशे वॅटच्या वर जाईल! चतुर विद्यार्थी म्हणतो, ओहमचा नियम खोटा. वस्तुतः मोजमापही बरोबर आहे आणि हिशेबही. थंड टंगस्टनचा रोध कमी असतो. बल्ब लागताच तार अडीच हजार अंशांच्या घरात तापते व रोध बारा-तेरापट वाढतो. ओहमचा नियम तापमान स्थिर असतानाच खरा, ही अट पुस्तकात एका ओळीत असते आणि ती ओळ बहुधा वगळून वाचली जाते. बल्ब जातो तो बहुतेक वेळा बटण दाबण्याच्या क्षणी, त्याचेही कारण थंड तारेतून क्षणभर जाणारा हा मोठा प्रवाह होय. एलईडी दिव्यांना तर हे रोधाचे सूत्र लावूच नये.

सैल जोड, जाड फ्यूज आणि कोरडे अर्थिंग

प्रवाहाच्या वर्गाचा नियम सर्वांत घातक ठरतो तो सैल जोडाच्या ठिकाणी. पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाचा रोध अर्धा ओहम आहे व त्यातून १० अँपिअर प्रवाह जात आहे असे धरू. शंभर गुणिले अर्धा म्हणजे ५० वॅट उष्णता चण्याएवढ्या जागेत निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या डाग देण्याच्या इस्त्रीला २५ वॅट पुरतात, आणि तिच्यावर कथील वितळते. शाळेच्या लाकडी वीजफलकावरील काळा डाग या दृष्टीने पाहावा.

फ्यूजची तार ही मार्गातील मुद्दाम ठेवलेली दुबळी कडी आहे. प्रवाह ठराविक मर्यादेपलीकडे गेला की ती वितळावी अशीच तिची योजना असते. ती पुनःपुन्हा जाते म्हणून तेथे तांब्याच्या तारेचा पेड अडकविला की फ्यूज जाणे थांबते हे खरे. त्यानंतर वितळण्याची पाळी भिंतीतील तारेवर येते.

अर्थिंगचा हिशेब मात्र प्रत्येक पंचायत सदस्याने एकदा स्वतः करून पाहावा. पाणीपुरवठ्याच्या पंपात आतली तार लोखंडी सांगाड्याला लागली असे समजा. सांगाडा अर्थिंगच्या खड्ड्याशी जोडलेला आहे. खड्डा ओलसर व चांगला राखलेला असून त्याचा रोध ५ ओहम असेल, तर रोहित्राकडील अर्थिंगचा रोध हिशेबात न धरता प्रवाह २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर होतो. दहा अँपिअरचा फ्यूज ताबडतोब जातो आणि धोका टळतो. आता तोच खड्डा मे महिन्यात पाहावा. मीठ-कोळसा वाहून गेलेला, माती भेगाळलेली, वर्षभरात कोणी पाणी ओतलेले नाही. रोध १०० ओहम. प्रवाह आता २.३ अँपिअर. फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही. पंप चालूच राहतो आणि त्याचा सांगाडा जवळजवळ पूर्ण दाबावर जिवंत असतो.

अशा सांगाड्याला ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा स्पर्श झाला तर काय होईल, याचेही उत्तर त्याच भागाकारात आहे. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरतात. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. याच्या निम्म्या प्रवाहानेही हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. फ्यूज उपकरणाचे व तारेचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण करण्याइतका तो संवेदनशील नसतो. ते काम गळतीरोधक स्विचचे, म्हणजे आरसीसीबीचे आहे. जाणारा व परत येणारा प्रवाह यांत ०.०३ अँपिअरचा फरक पडताच तो वीज तोडतो. वरच्या उदाहरणातील २.३ अँपिअर त्याच्या दृष्टीने प्रचंड आहेत; अर्थिंग कोरडे असूनही दोष निर्माण होताच, कोणाचा हात लागण्यापूर्वीच, त्याने पंप बंद पाडला असता. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र व पंपघर येथे हा स्विच आहे की नाही आणि त्यावरील चाचणीचे बटण दाबले असता तो खरोखर पडतो की नाही, हे पाहण्यास दोन मिनिटे लागतात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालण्याचे काम कोणाकडे आहे, याची नोंदही पंचायतीच्या दप्तरी असावी. ज्या कामाला माणूस नेमलेला नसतो ते काम सर्वांचे असते, म्हणजे कोणाचेच नसते.

मीटरवरील लुकलुकणारा दिवा

शेवटी, या सर्व हिशेबाचा ताळा पाहण्याची एक सोपी रीत. इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरच्या तोंडावर छापलेले असते. काही मीटरांवर तो आकडा ३२०० असतो. वसतिगृहात अडीच चौरस मिलिमीटरचीच तार ओढलेली आहे असे समजून, इतर सर्व उपकरणे बंद करून फक्त दोन हीटर चालू ठेवावेत व एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. तो ९१ वेळा लुकलुकला, तर ९१ गुणिले ६० भागिले ३२०० म्हणजे सुमारे १७०६ वॅट शक्ती मीटरमधून जात आहे. त्याच वेळी विहिरीजवळ वायरमनने टाँग टेस्टरने प्रवाह व मल्टिमीटरने दाब मोजावा. तेथे ७.४ अँपिअर व १९७ व्होल्ट भरले, तर हीटरना मिळणारी शक्ती सुमारे १४५८ वॅट झाली. उरलेल्या २४८ वॅटचे बिल वसतिगृह दरमहा भरते, आणि त्यांची ऊब विहिरीकडे जाणाऱ्या पाऊलवाटेवरील तारेला मिळते.